आई एकटी जाते ते दिवस

आईने तंबू विकत घेतला तेव्हा मला विचारलं नव्हतं. खोकं आलं, मी सही करून घेतलं, आणि ती भाजी घेऊन परत आल्यावर म्हणाली, "ते माझं आहे." मला वाटलं कपडे वाळत घालायचं स्टँड असेल. संध्याकाळी तिने हॉलमधला टीपॉय भिंतीला लावला आणि फरशीवर तंबू उभा केला. हिरवा, एका माणसापुरता. मग ती आत गेली, चेन ओढली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. एका कंपनीच्या परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची, हे माझं काम. समोर माझी आई तंबूत होती आणि मी कुणाला तरी लिहीत होते की तुमची झालेली गैरसोय आम्ही समजू शकतो.

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आई बँकेतून रिटायर झालेली, साठी ओलांडलेली. दादा लग्न करून बंगळूरला. घरात आम्ही दोघीच उरलो होतो आणि दोघीही फार बोलणाऱ्या नव्हतो. बोलायचे ते बाबा. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की घरातलं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. आई त्यांना सांगायची, ते मला सांगायचे. माझं काही असेल तर मी त्यांना सांगायचे आणि ते स्वयंपाकघरात पोचायचं. मधला माणूस गेल्यावर आम्ही एकमेकींना फक्त कामाचं विचारत होतो. दूध आलं का. गिझर बंद केलास का. का, कशासाठी, काय वाटतं, असं विचारायची आमच्यात पद्धतच नव्हती.

त्यामुळे आई पहिल्यांदा तंबू घेऊन गेली तेव्हाही मी विचारलं नाही. ती सॅक पाठीला लावून आरशात बघत होती. पंजाबी ड्रेस, पायात बाबांसोबत मॉर्निंग वॉकला जायचे बूट. म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत येते. डाळ फ्रीजमध्ये आहे." मी म्हटलं, बरं. ती गेल्यावर मी बाल्कनीतून खाली पाहिलं. ती गेटबाहेर रिक्षा थांबवत होती आणि रिक्षावाला तिच्या सॅककडे बघत होता.

मग ती दर महिन्याला जाऊ लागली. वणीच्या रस्त्याला, दिंडोरीच्या पुढे तिला एक शेत सापडलं होतं. वणीच्या देवीच्या गडावरून दर्शन घेऊन येताना पाणी मागायला उतरली होती म्हणे. तिथे द्राक्षबागेच्या कडेला मोकळी जागा होती, मागे डोंगर होता. एवढंच मला माहीत होतं, आणि तेही तिने काकूला सांगताना मी ऐकलं होतं.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. दोन्ही दारं समोरासमोर, मध्ये चपलांची रॅक. काकूला आईचं हे जाणं अजिबात पटलं नव्हतं आणि ते ती लपवत नव्हती. "वहिनी, लोक साठीनंतर काशीला जातात," ती म्हणाली होती. "तुम्ही कुणाच्या वावरात झोपायला जाता. घर काय चावतं का तुम्हाला?" आई म्हणाली, "चावत नाही गं. पण इथे सारखी बेल वाजते." बेल वाजवणारी मुख्यतः काकूच होती. तिला ते लागलं असावं, कारण त्या रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला आणि त्याला सगळं माहीत होतं.

दादा रागावला की आवाज खाली आणतो. तो म्हणाला की त्याला तिकडे झोप लागत नाही. काही झालं, साप चावला, कुणी आलं, तर कोण बघणार. शेवटी म्हणाला, "जायचंच असेल तर हिला घेऊन जा. एकटी नाही."

"ती कामात असते," आई म्हणाली.

"मी येईन," मी म्हटलं.

मी ते फारच पटकन म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, दादाने स्क्रीनमधून आणि आईने शेजारून. गेल्या कितीतरी महिन्यांत तिने एकदा तरी विचारावं म्हणून मी वाट बघत होते, हे माझं मलाच त्या क्षणी कळलं. मग आई म्हणाली, "ये. स्वेटर घे."

आम्ही जानेवारीत गेलो. सीबीएसच्या एसटी स्टँडवरून सकाळची वणीची बस. खिडकीची जागा तिने मला दिली, लहान मुलाला देतात तशी. दिंडोरी मागे पडल्यावर तिने पर्समधून एक छोटा बटवा काढला. त्यात तिचं मंगळसूत्र होतं. तिने ते गळ्यात घातलं, ओढणीच्या वर, दिसेल असं. मग कपाळावरची बारीक काळी टिकली काढून मोठी लाल लावली. मी बघत होते आणि मी बघतेय हे तिला कळलं होतं. मला वाटलं, बाबांची आठवण म्हणून असेल. ते दोघं दर चैत्रात गडावर जायचे, याच रस्त्याने. मी खिडकीबाहेर पाहू लागले. त्या वेळी मी नुसतं "का?" म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

शेतातली बाई चाळिशीची असेल. तिने आईला मावशी म्हणून हाक मारली आणि मला पाहून म्हणाली, "या टायमाला लेकीला आणलं का. बरं केलं." तिच्या नवऱ्याने बागेतूनच हात हलवला. द्राक्षाच्या घडांना कागद लावायचं काम चालू होतं, सगळ्या बागेत पांढरे कागद लोंबत होते. आईने नेहमीची जागा सरावाने झाडली, दगड वेचून बाजूला टाकले आणि तंबू उभा करायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, माझ्या सवयीचं आहे." मी बाजूला उभी राहिले. ती गुडघ्यावर बसून खुंट्या ठोकत होती आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. घरी मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी एक पाऊल सरकले तशी ती थांबली.

चार-साडेचारला मी पाण्याच्या टाकीशी बाटल्या भरायला गेले. ती बाई तिथे भांडी घासत होती. शाळा कुठली, काम काय, लग्नाचं बघतात का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "पप्पा कधी येणार मग? या खेपेला तरी येतील ना?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "कोण?"

"तुझे पप्पा गं. कॅम्पातले साहेब. दर टायमाला मावशी म्हणते, ड्यूटी सुटली का येतील. मागच्या खेपेला आमचे हे बॅटरी घेऊन रोडला थांबले होते, म्हटलं साहेबांना वाट सापडायची नाय. लय वेळ थांबले."

बाबा देवळाली कॅम्पला, लष्कराच्या छावणीत, नोकरीला होते हे खरं. पण ते तिथल्या एका स्टोअरमध्ये कारकून होते. कुत्र्यांना घाबरायचे. संध्याकाळी पॅसेंजरने घरी यायचे आणि गाडी अर्धा तास उशिरा आली तर चेहरा पाडून बसायचे.

"बाबा नाहीत," मी म्हटलं. "वारले. दीड वर्ष होईल."

ऑफिसला मी हे इंग्रजीत ईमेलमध्ये लिहिलं होतं. मराठीत, मोठ्याने, कुणाला सांगायची ती पहिलीच वेळ होती. शेजारपाजारच्यांना, नातेवाइकांना आधीच माहीत होतं, मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे ते वाक्य कसं बोलायचं याचा मला सराव नव्हता, आणि ते फार साधं बाहेर पडलं.

तिचा हात घासणीवर थांबला. माझी बाटली भरून वाहत होती. तिने हात लांब करून तोटी बंद केली आणि तंबूच्या दिशेने पाहिलं. आई पाठमोरी बसून चहाचं आधण ठेवत होती.

"मावशी तर..." ती म्हणाली आणि पुन्हा भांडी घासू लागली. मला तेव्हा कुठे बसमधलं मंगळसूत्र कळलं.

मी आईला लगेच सांगायला हवं होतं. मी बाटल्या घेऊन गेले, तिने दिलेला चहा प्यायले, आणि शब्द जुळवत राहिले. ते जुळेपर्यंत दिवेलागण झाली. त्या बाईने आम्हाला घरात बोलावलं. शुक्रवार होता. देवीच्या फोटोपुढे दिवा लावून झाल्यावर तिने हळदीकुंकवाची कोयरी आणली. मला लावलं. मग आईपुढे आली आणि तिचं बोट कुंकवात बुडवलेलंच राहिलं. आधी शुक्रवारी मुक्काम असला की ती लावत असणार. ती आईकडे बघत नव्हती, कोयरीकडे बघत होती. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"राहू दे गं," आई म्हणाली.

कुणी आवाज चढवला नाही. तिचा नवरा दारातून आत आला होता, तो तसाच मागे फिरून बाहेर गेला. थोड्या वेळाने ती बाई म्हणाली, "विधवा म्हणून मी काय तुम्हाला हाकललं असतं का मावशी?"

"तू नसतं हाकललं," आई म्हणाली. "पण तुझ्या बांधापलीकडे रस्ता आहे. तिथून जाणाऱ्यांनी विचारलं तर तू काय सांगितलं असतंस? एकटी म्हातारी झोपलीय म्हणून?"

ती भाकरी करायला बसली. जेवणं झाल्यावर मात्र उठून पडवीत सतरंजी टाकू लागली. आई म्हणाली की आम्ही तंबूत झोपतो, दाटी झाली तरी चालेल.

"आता तंबूत नाय. इथं झोपा."

"अगं, आधी झोपलेच आहे की मी तिथे."

"तेव्हा साहेब येणार होते."

"कधी आले का ते?"

"नाय आले. पण येणार होते ना." तिने उशी थोपटून ठेवली. "एकल्या बाईला कसं बाहेर निजू देऊ मी? माझ्या जिवाला घोर."

आईने वाद घातला नाही. आम्ही पडवीत झोपलो, तिच्या घरच्या गोधड्या घेऊन. तंबू बागेच्या कडेला रिकामा राहिला. सकाळी तो दवाने ओला होता. आईने तो कोरड्या फडक्याने पुसला, घडी केली. त्या बाईने वाटेला भाकरी, ठेचा दिला आणि पुन्हा पुन्हा सांगितलं, कधीपण या मावशी, आपलं घर हाय, पडवी तुमचीच. आईने तिचा हात धरला आणि येईन म्हणाली. ती येणार नाही हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आई खिडकीत बसली. मी बराच वेळ धीर गोळा करून म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार? बाबांना मी सैन्यात भरती केलंय म्हणून?" ती हसली. हसताना तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मग ती बाहेर बघू लागली आणि खूप वेळाने म्हणाली, "चांगली बाई आहे. पण आता तिला माझी काळजी वाटणार. रात्री दोनदा उठून बघून गेली ती आपल्याला."

मी म्हटलं, दुसरी जागा बघू. सायखेड्याकडे, नदीच्या काठाला. मी येईन, पण कुणाशी बोलणार नाही. एक शब्दही नाही.

"तू कुठे बोलतेस गं," ती म्हणाली. "तसं नाही. तू असलीस की मला बघावं लागतं, तुला थंडी वाजतेय का."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी सॅक मांडीवर घट्ट धरून बसले. पंचवटीची गर्दी सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "दादाला मी येते असं सांगू. तू जा. मी घरी राहीन."

घरी पोचल्यावर चहा करताना आईने विचारलं, "आणि काकू?"

"काकूला दिसणार नाही मी," मी म्हटलं. न दिसण्यात मी आयुष्यभर हुशार होते.

असं ते ठरलं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी सॅक लावून जिना उतरलो. काकू दारात उभी होती. मी तिला हात केला. सीबीएसला आईला सायखेड्याच्या बसमध्ये बसवून दिलं. बस मागे जाऊन वळेपर्यंत मी फलाटावर उभी होते. आईने एकदा पाहिलं आणि मग समोर बघू लागली, तिचा चेहरा सैल झाला. मी दुपारच्या झोपेच्या वेळी घरी आले, चप्पल हातात घेऊन जिना चढले आणि लॅच हळूच उघडून आत शिरले.

घरात लपून राहणं हे मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. आमची आणि काकूची स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. कुकर लावता येत नव्हता, शिटी ऐकू गेली असती. मिक्सर नाही, टीव्ही नाही. नळ अगदी बारीक सोडायचा. मी दहीपोहे खाल्ले. अंधार पडल्यावर दिवा लावला नाही, लॅपटॉपचा उजेडसुद्धा खाली करून कोपऱ्यात बसले. लांबच्या कुणाकुणाला लिहीत राहिले, तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत. दादाचा फोन आला तो उचलला नाही. नंतर त्याला मेसेज केला, रेंज नाही, आई मजेत. आई मजेत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. तिने फोन केला नव्हता आणि करायचं ठरलंही नव्हतं. तरी मी फोन उशाशी ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला आईने काकूला किल्ली दिली होती. आधीच्या वेळी आम्ही दोघी खरोखर गेलो होतो, म्हणून या वेळीही द्यावी लागली असणार. मला ती सांगायला विसरली होती. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते. उठून आतल्या खोलीत, उघड्या दाराच्या मागे जाऊन उभी राहिले. दार आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम मी मावत होते. फट होती, तिच्यातून हॉलचा एक तुकडा आणि बाल्कनीचं दार दिसत होतं.

काकू आत आली. तिने बादली भरली, झाडांना पाणी घातलं. मी श्वास मोजूनमापून घेत होते. ती आता आत डोकावली, मला शिंक आली, फोन वाजला, की आईचं जाणं कायमचं संपलं. दादाने पुढच्या गाडीने येऊन तंबू उचलून नेला असता. पाणी घालणं संपलं. बादली पालथी घातल्याचा आवाज झाला. आता ती जाईल म्हणून मी थांबले.

ती गेली नाही. तिने बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची उन्हाच्या बाजूला ओढली आणि बसली. पाय वर घेतले, साडी गुडघ्यापर्यंत सरकवली. डोळे मिटले नाहीत, फोन बघितला नाही. नुसती बसली. एवढी वर्षं मी काकूला पाहतेय, काहीही न करता बसलेली पाहिली नव्हती.

तिचा फोन वाजला तेव्हा मी दचकले. काकांचा होता, त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येतो. चहाचं विचारत असणार.

"येते ना," काकू म्हणाली. "अजून निम्म्या कुंड्या राहिल्यात. वहिनींनी किती झाडं लावून ठेवलीत, तुम्हाला काय माहीत." फोन ठेवून तिने तो खुर्चीखाली सरकवला आणि पुन्हा तशीच बसली.

माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मला आधी वाटलं होतं की ती लवकर जावी. नंतर तसं वाटेनासं झालं. मी हललेच तर तिला लगेच उठावं लागेल, साडी नीट करावी लागेल, मला काहीतरी विचारावं लागेल. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ऊन खुर्चीवरून सरकून कठड्यावर गेलं तेव्हा ती उठली. खुर्ची होती तिथे ठेवली. जाताना तिने हॉलमध्ये थांबून बाबांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसली, आणि दार ओढून घेतलं.

आई संध्याकाळी आली. सायखेड्याला थंडी होती म्हणाली, नदीवर पक्षी होते. तिचं नाक उन्हाने लाल झालं होतं. आपलं नाव सांगावं लागेल असं तिथे कुणी भेटलं नाही, असंही म्हणाली. मग बूट काढता काढता तिने विचारलं, "काही झालं नाही ना?"

"नाही."

"अरे देवा, काकूकडे किल्ली होती. आली होती का ती?"

"पाणी घालून गेली," मी म्हटलं. "मी आत होते. तिला कळलं नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिने आणखी काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सगळं सांगितलं असतं, खुर्ची, ऊन, काकांना खोट्या सांगितलेल्या कुंड्या. पण ती थकलेली होती आणि अजून अर्धी नदीवरच होती. ती अंघोळीला गेली. बाथरूममधून पाण्याचा आणि तिच्या गुणगुणण्याचा आवाज येऊ लागला. मी कुकर लावला, शिट्ट्या होऊ दिल्या, आणि समोरच्या दारातून काकूने हाक मारली, "आलात का गं दोघी?"

"आलो," मी म्हटलं.